ब्यूलीचा जुना बाजार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टन बंदराच्या पश्चिमेस, एक विस्तीर्ण राजवन आहे. पहिल्या विल्यम राजानें १०७९ मध्यें तें आपल्या मृगयेसाठीं राखून ठेविलें. या गोष्टीस साडेनऊशें वर्षें होत आलीं; तथापि लोक त्यास अद्यापि 'नवें वन' असेंच म्हणतात. एकदां पडलेलें नांव काळाला दाद देत नाहीं, हें पुण्याच्या नव्या पेठेंत राहणारांस निराळें सांगावयास नको. या वनाच्या पूर्व अंगास एक लहानशी नदी आहे. समुद्राची भरती तिच्या पात्रांत कांहीं मैल आंत येते, आणि जेथें तें खारें पाणी थबकतें तेथें, एका जुन्या गिरणीच्या बांधाशीं, ब्यूली नांवाचें खेडें वसलें आहे. लिहितांना हें नांव फ्रेंच धर्तीनें लिहितात, कारण तें त्या भाषेंतूनच आलें. त्याचा अर्थ 'रम्य स्थान'. परंतु इंग्रज शेतकऱ्याच्या जिभेवर घोळून घोळून त्याचें केव्हांच 'ब्यूली' होऊन गेलें.

खेडें तें केवढें! एक मुख्य रस्ता, त्याच्या कडेला लाल विटांचीं जुनीं घरें, हातांच्या बोटांवर मोजतां येतील इतकीं दुकानें आणि एक खाणावळ. रस्त्याच्या मधोमध वनांतलीं तट्टें व गाढवें निवांत उभीं असतात. वनांत जनावरें चारण्याचा हक्क तेथील गांवकऱ्यांस शतकानुशतकें आहे, आणि तो हक्क इतका दृढ आहे कीं उघड्या वनांतून जाणाऱ्या रस्त्यांवर मोटारींची गति ताशीं ४० मैलांवर जाऊं देत नाहींत. तट्टानें बाजूस व्हावयाचें नसते. थांबावयाचें तें मोटारीनें. मोटारगाडीच्या इतिहासाचें जें माहेरघर समजलें जातें, त्या गांवांत मोटारीला हा दुय्यम मान मिळावा यांत थोडी गंमत आहे खरी.

वर्षांतून एकदां मात्र, सप्टेंबर महिन्यांतील एका शनिवार-रविवारीं, या गांवचें रूप पार पालटून जातें. युरोप खंडाच्या कानाकोपऱ्यांतून जुन्या मोटारींचे षोकी, कारागीर, व्यापारी आणि नुसते बघे येथें जमतात. या जत्रेस 'ऑटोजंबल' असें म्हणतात. इंग्लंडांतील खेड्यापाड्यांत देवळाच्या किंवा शाळेच्या मदतीसाठीं घरोघरची अडगळ गोळा करून ती स्वस्तांत विकण्याची चाल आहे. त्या विक्रीस तेथें 'जंबल सेल' म्हणतात. १९६७ मध्यें ब्यूलीचे जहागीरदार लॉर्ड माँटेग्यू यांनीं मोटारींच्या जुन्या सुट्या भागांची अशीच विक्री आपल्या आवारांत सुरू केली आणि तिला हें जोडनांव दिलें. नांव इतकें चपखल बसलें कीं पुढें तें इंग्रजी कोशांतहि जाऊन बसलें. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ब्यूलीच्या मैदानावर उभें केल्यास परकें वाटावयाचें नाहीं. फरक एवढाच, कीं येथें जें कांहीं विकावयास मांडलेलें असतें तें सारें एकाच यंत्राच्या पोटांतून निघालेलें असतें.

श्रोत्यांनीं क्षणभर ती मांडणी डोळ्यांपुढें आणावी. हिरवळीवर दुकानांच्या रांगाच रांगा. दुकान म्हणजे कोठें तंबू, कोठें गाडीची उघडी पाठ, कोठें नुसतें ताडपत्रीचें अंथरूण. त्यावर पितळेचे दिवे, भोंगे, गंजलेले कार्ब्युरेटर, चाकांच्या टोप्या, काळवंडलेले वेगमापक, तेलकट झालेल्या माहिती-पुस्तिका, पेट्रोलचे चौकोनी डबे, कोणाएका दुकानावरची इनॅमलची पाटी. माल भारी असल्यामुळें जाणतीं गिऱ्हाइकें येतांनाच हातगाडी किंवा बागेंतली एकचाकी घेऊन येतात. खिशांत एक चिठ्ठी असते. तीवर फार तर तीनचार वस्तूंचीं नांवें असतात, आणि त्यांपैकीं एखादी वस्तु तो गृहस्थ दहा दहा वर्षें शोधीत असतो.

हा शोध निव्वळ छंदिष्टपणा वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याचें कारण थोडें समजून घेतलें पाहिजे. १९१० सालच्या एखाद्या गाडीचा मॅग्नेटो बिघडला असें समजा. मॅग्नेटो म्हणजे इंजिनांतील इंधन पेटविण्यासाठीं ठिणगी उत्पन्न करणारें छोटें विद्युत्-यंत्र. त्यांत लोहचुंबकाच्या मिठींत तारेचें वेटोळें गरगर फिरतें आणि त्यांतून वीज निघते. बॅटरीची गरज नाहीं. वेटोळ्यावरचें आवरण कालांतरानें कुजतें, लोहचुंबक दुबळा होतो आणि ठिणगी पडेनाशी होते. गाडी करणारा कारखाना पन्नास वर्षांपूर्वीं बुडालेला. नवा भाग मिळणें अशक्य. मग एक तर कुशल कारागिराकडून तें वेटोळें नव्यानें गुंडाळून घ्यावयाचें, नाहीं तर तशाच दुसऱ्या मृत गाडीचा शाबूत अवयव कोठें सांपडतो काय तें पाहावयाचें. त्या काळच्या दिव्यांचेंहि तेंच. त्यांच्या तळाशीं कॅल्शियम कार्बाइडचे खडे असत. वरच्या टांकींतून पाण्याचे थेंब त्यांवर ठिबकले म्हणजे ॲसिटिलीन वायु निघे आणि तो पांढऱ्या लख्ख ज्योतीनें जळे. आपल्याकडील जत्रांतून फेरीवाल्यांच्या पाटीवर असले कार्बाइडचे दिवे फुसफुसतांना जुन्या मंडळींनीं पाहिलेले आहेत. त्यांतील पाणी ठिबकविणारी ती एवढीशी पितळी चकती हरवली कीं सबंध दिवा आंधळा. तेव्हां ब्यूलीच्या हिरवळीवर ओणवा होऊन लोखंडाच्या ढिगांत हात घालणारा म्हातारा हा केवळ मोडीचा गिऱ्हाईक नव्हे. पोथीचें हरवलेलें पान शोधणाऱ्या शास्त्र्याची आणि त्याची जात एकच.

गाड्यांच्या पाट्या वाचणें हा त्या मेळ्यांतील आणखी एक आनंद आहे. इंग्लंडांत १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीस क्रमांक लावणें सक्तीचें झालें, आणि ज्या परगण्यांत ती नोंदली जाई त्याचीं अक्षरें तिच्या कपाळीं येत. 'ए ए' म्हटलें कीं ब्यूलीचाच हँपशर परगणा; 'सी आर' म्हणजे साउदॅम्प्टन; 'बी के' पोर्टस्मथ; 'डी एल' समोरचें वाइट बेट; 'एफ एक्स' शेजारचा डॉर्सेट. ज्यास हीं अक्षरें पाठ आहेत, त्यास उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेवरून नुसती नजर फिरवितांच कळतें, कीं ही गाडी आजोबापणजोबांच्या वेळेपासून याच मुलुखांत नांदते आहे आणि ही दुसरी दूर देशाहून सून म्हणून आली आहे. एम एच १२ म्हणतांच पुणें आणि एम एच ०९ म्हणतांच कोल्हापूर हें आपल्या शाळकरी मुलांस समजतें, त्यांतलाच हा प्रकार. मात्र तो सव्वाशें वर्षांचा जुना.

आतां प्रश्न असा उरतो, कीं हें सर्व या एका आडवळणाच्या खेड्यांतच कां यावें? येथें मोटारींचा कारखाना कधींहि नव्हता. उत्तरासाठीं बरेंच मागें जावें लागतें.

जॉन राजानें तेराव्या शतकाच्या आरंभीं, १२०४ च्या सुमारास, सिस्टर्शियन पंथाच्या जोग्यांस ही जमीन दान दिली. या राजाची कीर्ति इतिहासांत फारशी चांगली नाहीं, आणि त्यानें स्थापिलेला हा एवढाच मठ या पंथाकडे आहे. जोग्यांनीं येथें मोठें देवालय उभारलें. लांबी ३३६ फूट. त्या पंथाचें एवढें मोठें देवालय इंग्लंडांत दुसरें नव्हतें. आज त्याचा पाया तेवढा गवतांत दिसतो. १५३८ मध्यें आठव्या हेन्री राजानें मठ मोडला आणि त्याचे दगड समुद्रकांठच्या नव्या किल्ल्यांसाठीं गाडे भरभरून नेले. परंतु जोग्यांची भोजनशाळा वांचली. गांवकऱ्यांस देवळाची जरूर होती. त्यांनीं तिलाच देऊळ केलें. इंग्लंडांतील देवळें बहुधा पूर्व-पश्चिम असतात; ब्यूलीचें देऊळ उत्तर-दक्षिण आहे, याचें कारण मुळांत ती पंगतीची जागा होती. भोजनसमयीं मौन पाळून जोगी जेवीत असतां त्यांतील एकजण भिंतींतल्या दगडी गवाक्षांत उभा राहून ग्रंथवाचन करी. तें सुबक गवाक्ष तेथें अद्यापि आहे आणि त्यावरूनच धर्मोपदेशक प्रवचन करतात. मठाचा दरवाजा व त्यावरील वास्तु यांचें पुढें जहागीरदाराच्या वाड्यांत रूपांतर झालें. तोच आजचा माँटेग्यूंचा वाडा होय.

या घराण्यांत १८६६ सालीं जॉन माँटेग्यू यांचा जन्म झाला. उमरावाचा मुलगा असूनहि यांस यंत्रांचें विलक्षण वेड. तरुणपणीं ते आगगाडीच्या कारखान्यांत हात काळे करून आले होते आणि इंजिन चालविण्यास शिकले होते. त्या काळीं इंग्लंडांत मोटारगाडीची काय दशा होती, तें आज ऐकून हंसूं येईल. १८६५ च्या कायद्यान्वयें यांत्रिक वाहनास गांवाबाहेर ताशीं चार मैल आणि गांवांत दोन मैल एवढीच गति मोकळी होती. शिवाय वाहनापुढें साठ यार्ड अंतरावर लाल निशाण घेतलेला माणूस चालत असला पाहिजे, असा दंडक होता. पुढें निशाणाचें कलम सैल झालें, पण पुढें चालणारा माणूस राहिलाच. १८९६ सालीं ही अट उठली. त्या मुक्तीचा उत्सव म्हणून १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं मोटारवाल्यांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मिरवणूक काढली.

कायदा बदलला, परंतु लोकांचें मन बदललें नव्हतें. घोडे बुजतात, कोंबड्या मरतात, धुरळा उडतो, अशा तक्रारींनीं वर्तमानपत्रें भरलेलीं असत; आणि त्या तक्रारी खोट्याहि नव्हत्या. माँटेग्यू १८९२ पासून पार्लमेंटचे सभासद होते. १८९९ मध्यें ते आपल्या बारा अश्वशक्तीच्या डेम्लर गाडींतून थेट पार्लमेंटच्या आवारांत आले. दारावरच्या पोलिसानें अडविलें. तेव्हां त्यांनीं सभापतींकडे दाद मागितली आणि परवानगी मिळविली. त्याच वर्षीं याच गाडींतून त्यांनीं पॅरिस ते ऑस्टेंड ही शर्यत आपल्या वर्गांत तिसऱ्या क्रमांकानें पार पाडली, आणि त्याच वर्षीं पुढें सातवे एडवर्ड झालेल्या युवराजांस मोटारींतून फिरवून आणून त्यांस या नव्या वाहनाची गोडी लाविली. १९०२ मध्यें त्यांनीं 'द कार इलस्ट्रेटेड' हें साप्ताहिक काढलें. १९०३ च्या ज्या मोटार कायद्यानें गाड्यांस क्रमांक व चालकांस परवाने आले आणि वेगाची मर्यादा ताशीं वीस मैल झाली, त्या कायद्यामागील खटपटींतहि त्यांचा मोठा वाटा होता. परवान्यास पांच शिलिंग पडत. परीक्षा मात्र नव्हती. ती सक्तीची व्हावयास १९३५ साल उजाडावें लागलें, आणि तोंवर काय काय अपघात झाले असतील याचा हिशेब मोटारीच्या स्तुतिपाठकांनीं क्वचितच मांडला आहे.

या साप्ताहिकाच्या कचेरींत एलिनॉर थॉर्नटन नांवाच्या एक तरुण बाई चिटणीस म्हणून आल्या. त्यांचा जन्म १८८० चा. त्यापूर्वीं त्या मोटार-क्लबाच्या कचेरींत काम करीत असत. कामांत अत्यंत हुशार, स्वभावानें उमद्या. माँटेग्यूंच्या सर्व कारभाराचीं सूत्रें हळूहळू त्यांच्या हातीं आलीं. दोघांचा स्नेह केवळ कचेरीपुरता राहिला नाहीं, हें आतां लपून राहिलेलें नाहीं. माँटेग्यू विवाहित होते, आणि त्या समाजांत या स्नेहास नांव देतां येणें शक्य नव्हतें. साप्ताहिकासाठीं चित्रें काढणारे चार्ल्स साइक्स हे शिल्पकारहि होते. माँटेग्यूंच्या रोल्स-रॉइस गाडीच्या तोंडावर बसविण्यासाठीं त्यांनीं एक छोटी मूर्ति घडविली: ओठांवर बोट ठेविलेली एक स्त्री. तिचें नांव 'कुजबूज'. पुढें १९११ मध्यें रोल्स-रॉइस कंपनीसाठीं त्यांनीं जी मूर्ति केली, ती पंखांसारखीं वस्त्रें वाऱ्यावर उडवीत पुढें झेपावणारी स्त्री आज जगभर त्या गाड्यांच्या अग्रभागीं दिसते. दोन्ही मूर्तींमागें मिस् थॉर्नटन यांचाच चेहरा व बांधा आहे असें सर्वसाधारणपणें मानलें जातें. हिंदी संस्थानिकांनीं या गाड्या हौसेनें घेतल्या. मुंबईंत जुन्या मोटारींची मिरवणूक निघते तेव्हां लहान मुलें बोट दाखवितात ती 'परी' म्हणजे हीच.

आणि या कथेचा शेवट होतो तो मुंबईच्या वाटेवर.

१९१५ सालीं पहिलें महायुद्ध पेटलेलें असतां, हिंदुस्थान सरकारनें लष्करी मोटार-वाहतुकीविषयीं सल्ला देण्यास माँटेग्यूंची नेमणूक केली. त्या वर्षाच्या डिसेंबरांत ते मार्सेल्स बंदरांतून पी. अँड ओ. कंपनीच्या 'पर्शिया' या मुंबईस जाणाऱ्या आगबोटीवर निघाले. मिस् थॉर्नटन बरोबर होत्या. कपुरथळ्याचे महाराज जगतजितसिंग हेहि त्याच बोटीवर होते. ते मार्सेल्सला उतरले आणि वांचले, त्यांचें जवाहीर मात्र बोटींतच राहिलें. ३० डिसेंबर रोजीं दुपारीं, क्रीट बेटाच्या दक्षिणेस, उतारू जेवावयास बसले असतां जर्मन पाणबुडीनें कोणतीहि सूचना न देतां टॉर्पेडो सोडला. इतर गोष्टी जाऊं द्या. बोट बुडावयास दहा मिनिटेंहि लागलीं नाहींत. डेकवर दोघें एकमेकांस धरून उभीं होतीं. पाण्याचा लोंढा आला आणि त्यानें मिस् थॉर्नटन यांस हिसकावून नेलें. बोटीवरील ५१९ जणांपैकीं ३४३ जण बुडाले. त्यांत मुंबईकडे परतणारे किती आणि खलाशांत आपल्या किनाऱ्यावरचे किती, याची आठवण इंग्रजी पुस्तकांतून क्वचितच निघते. पी. अँड ओ. च्या बोटींवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येनें असत हें कोंकणांतील घराघरांस ठाऊक आहे.

माँटेग्यू वांचले. त्यांच्या अंगांत हवेनें फुगणारी जाकिटाच्या घाटाची एक नवी बंडी होती. तिनें त्यांस वर आणिलें. फुटक्या, उलटणाऱ्या होडींत कांहीं थोड्या जणांबरोबर त्यांनीं एक दिवसाहून अधिक काळ अन्नपाण्यावांचून काढला. अखेरीस 'निंगचौ' या आगबोटीस त्यांची होडी दिसली आणि तिनें त्यांस माल्टाला पोंचविलें. इंग्लंडांत ते मेल्याची बातमी आधींच छापून आली होती, आणि स्वतःवरील मृत्युलेख वाचण्याचा विचित्र प्रसंग त्यांच्यावर आला. मिस् थॉर्नटन यांचा देह कधींच मिळाला नाहीं. ब्यूलीच्या त्या देवळांत, जें एके काळीं जोग्यांची भोजनशाळा होतें, माँटेग्यूंनीं एक शिलालेख बसविला. त्यांत आपल्या सुटकेबद्दल कृतज्ञता आहे आणि त्या बाईंचें नांव आहे. उमरावानें आपल्या गांवच्या देवळांत, आपल्या घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, चिटणीस बाईचें नांव दगडांत कोरावें ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. तेथें जाणाऱ्या मोटार-षोकीनांपैकीं पुष्कळजण संग्रहालय पाहून परततात आणि देवळाच्या पायऱ्या चढत नाहींत. ते या गांवचें अर्धें मर्म न पाहतांच जातात असें म्हटलें पाहिजे.

जॉन माँटेग्यू १९२९ मध्यें वारले, तेव्हां त्यांचा मुलगा एडवर्ड अवघा दोन वर्षांचा होता. वडिलांची त्यास आठवण नव्हती. ऐकलेल्या गोष्टी तेवढ्या होत्या. १९५१ मध्यें पंचविसाव्या वर्षीं जहागिरीचा कारभार हातीं आला, त्या वेळीं इंग्लंडांतील मोठमोठ्या वाड्यांवर अवकळा आलेली होती. कर जबर, नोकर मिळेनात, छपरें गळत. कित्येक वाडे पाडले जात होते. कांहीं उमरावांनीं दारें उघडून तिकिटें लावण्यास आरंभ केला होता. परंतु ज्यांच्याकडे थोर चित्रकारांचीं चित्रें आणि मौल्यवान् सामान त्यांच्याकडे लोक जाणार; ब्यूलीच्या वाड्यांत दाखवावयास काय होतें? तेव्हां तरुण लॉर्डनें वडिलांच्या स्मृतीप्रीत्यर्थ पांच जुन्या मोटारी आणून वाड्याच्या पुढच्या दालनांत मांडल्या. त्यांत १९०३ सालची एक छोटी दे दिऑन-बूताँ गाडी होती. १९५२ च्या एप्रिलांत दार उघडलें. मठाच्या दरवाज्याखालीं, कमानींच्या छायेंत, पितळी दिव्यांच्या त्या गाड्या आणि दालनभर तेलाचा वास! जाणत्यांनीं नाकें मुरडलीं असतील; परंतु लोक आले. पाहतां पाहतां गाड्या दालनांतून शेडमध्यें आणि शेडमधून स्वतंत्र इमारतींत गेल्या. ४ जुलै १९७२ रोजीं ड्यूक ऑफ केंट यांच्या हस्तें राष्ट्रीय मोटार संग्रहालय म्हणून नव्या इमारतीचें उद्घाटन झालें. आज तेथें अडीचशेंहून अधिक वाहनें आहेत. ताशीं दोनशें मैलांची सीमा प्रथम ओलांडणारी १९२७ ची सनबीम, १९२९ ची सोनेरी बाणासारखी 'गोल्डन ॲरो', १९६४ सालीं ताशीं चारशें मैलांवर गेलेली 'ब्लूबर्ड', असे वेगाचे दैत्य तेथें साखळदंड तुटल्याशिवायच शांत झाले आहेत.

उमरावानें वाड्याचा तमाशा मांडला, अशी टीका त्या वेळीं झाली. तीत कांहीं तथ्य होतें. १९५६ पासून येथें जाझ संगीताचे मेळे भरूं लागले. १९६० सालीं गर्दी बेफाम होऊन दंगल झाली आणि १९६१ नंतर ते बंद करावे लागले. लहानशा गांवाच्या उंबऱ्यावर परक्यांचा लोंढा आणून उभा करणें हें गांवकऱ्यांच्या दृष्टीनें नेहमींच सुखाचें नसतें. परंतु मोटारींच्या मेळ्याची गोष्ट निराळी पडली, आणि त्याचें श्रेय त्याला येणाऱ्या माणसांस दिलें पाहिजे. जो इसम तीस वर्षांच्या शोधानंतर मिळालेला दिव्याचा भाग रुमालांत गुंडाळून घेऊन चालला आहे, तो दंगल करीत नाहीं. शिवाय येथील इतिहास मोटारींपुरता आटोपत नाहीं याची जाणीव त्या गांवानें ठेविली आहे. नदीच्या मुखाकडे दोनतीन मैलांवर बकलर्स हार्ड म्हणून एक वाडी आहे. एका माँटेग्यू ड्यूकनें अठराव्या शतकांत वेस्ट इंडीजच्या साखरेसाठीं येथें बंदर वसविण्याचा घाट घातला. बेत फसला, पण रुंद रस्ता व घरांच्या दोन रांगा राहिल्या, आणि तेथें वनांतल्या ओकांपासून लढाऊ जहाजें बांधूं लागले. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईंत यांपैकीं तीन जहाजें होतीं; नेल्सनचें आवडतें 'अगामेम्नन' त्यांतलेंच.

दुसऱ्या महायुद्धांत तर या जहागिरींतील वनांत दडलेलीं घरें सरकारनें ताब्यांत घेऊन शत्रूच्या मुलुखांत जाणाऱ्या गुप्त हस्तकांची शेवटची शाळा येथें काढली. टिपू सुलतानाच्या वंशांतील नूर इनायत खान यांनींहि येथें शिक्षण घेतलें. त्या बिनतारी यंत्र घेऊन फ्रान्सांत उतरल्या, पकडल्या गेल्या आणि १९४४ च्या सप्टेंबरांत डाखाऊच्या छावणींत मारल्या गेल्या. मठाच्या भग्न ओवरींत या शाळेचा स्मृतिलेख १९६९ पासून आहे. म्हणजे मुंबईच्या वाटेवर बुडालेली एक स्त्री आणि म्हैसूरच्या रक्ताची दुसरी. दोघींच्या आठवणी हजार-पांचशें पावलांच्या आंत.

'पर्शिया' बोट सुमारें दहा हजार फूट खोल पाण्यांत पडली होती. २००३ मध्यें शोध करणारांनीं यांत्रिक हातांनीं तिच्यांतील कांहीं वस्तु वर आणिल्या. त्यांत थोडीं माणकेंहि होतीं. बकलर्स हार्ड येथील नौका-संग्रहालयांत त्या बोटीची हकीकत व वर आलेल्या कांहीं वस्तु मांडलेल्या आहेत.

सप्टेंबरच्या रविवारीं सायंकाळीं ब्यूलीचा बाजार उठतो. न विकलेलें लोखंड पुन्हां गाड्यांत चढतें, तंबू उतरतात आणि तट्टें पुन्हां रस्त्याच्या मधोमध येऊन उभीं राहतात. ज्यांनीं भाग नेले त्यांच्या घरीं मात्र खरें काम आतां सुरू होतें, कारण नोव्हेंबर जवळ आलेला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं, सूर्योदयास, १९०५ पूर्वींच्या गाड्या लंडनच्या हाइड पार्कमधून ब्रायटनकडे निघतात. अंतर साठ मैल. ब्यूलीच्या संग्रहालयांतून कांहीं गाड्या या वारीला जातात, आणि निघण्याआधीं त्या थंडींत कोणी तरी हँडल मारून, कान लावून, ठिणगी पडते कीं नाहीं तें ऐकत असतो.